एक न म्हणणारा मापाडी

भवानी पेठेच्या दाणेबाजारात सोनबा मापाड्याने चाळीस वर्षं धान्य मोजलं आणि त्या चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून 'एक' हा आकडा कुणी ऐकला नाही. यात तसं नवल नाही. आमच्याकडे कुठलाच मापाडी एक म्हणत नाही. राशीतून पहिली पायली भरून पडली की 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. वीस झाली की खूण म्हणून मूठभर दाणे बाजूला टाकायचे आणि पुन्हा लाभापासून सुरुवात करायची. लक्ष्मी घरात येत असताना तिला एकटी म्हणू नये, असं जुनी माणसं सांगतात. ते खरं असो वा नसो, त्या खुणेच्या मुठी संध्याकाळी बाजाराच्या मारुतीला येत आणि त्या मारुतीचा गुरव मी. तेव्हा या रिवाजाला नावं ठेवणं मला परवडणारं नाही.

माझं नाव दीनानाथ. मारुती बाजाराच्या ऐन तोंडाशी, दिगंबरशेटांच्या दुकानासमोर. सकाळची पूजा आटोपली की मला दिवसभर कट्ट्यावर बसण्याखेरीज काम नसे. बाजारात ज्याला काम नसतं त्याला सगळं दिसतं, म्हणून सोनबाचं आयुष्य मी पाहिलं. त्यातली एक गोष्ट मी चुकीची पाहिली, ती पुढे सांगतो.

बाकीचे मापाडी हा रिवाज राशीपाशी सोडून घरी जात. सोनबाने तो घरी नेला. जेवायला बसला तर 'भाकरी वाढ' म्हणेल, किती ते म्हणणार नाही. भांडण झालं तर आपण म्हणतो एका हाताने टाळी वाजत नाही, सोनबा म्हणायचा, "टाळी दोन हातांनीच वाजती, बुवा." एक घाव दोन तुकडे म्हणायची वेळ आली तर घाव गाळून नुसते तुकडेच सांगायचा. मी त्याला पुष्कळदा कोंडीत धरलं. "सोनबा, आभाळात सूर्य किती?" म्हटलं, तर वर बघून म्हणाला, "हाय की. मोजायला कशाला पायजे?"

कोतवाल चावडीचा कारकून घरटी माणसं टिपायला पेठेत आला होता, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या बाजाराला पाठ आहे.

"मुलं किती?" कारकुनाने विचारलं.

"लाभ."

"लाभ म्हणजे किती?"

"लाभ म्हंजे लाभ."

"अरे बाबा, एक का?"

"तुमच्या तोंडानं तुमी म्हणा. माझी आडकाठी न्हाय."

कारकून पक्का पुणेरी होता. न समजलेलं ठाम अक्षरात लिहून टाकण्यात या मंडळींचा हात कुणी धरणार नाही. त्याने लिहिलं, 'संतती: लाभ होणे आहे.' पुढे दोन वर्षं चावडीच्या लेखी सोनबा निपुत्रिक होता आणि त्याची सात वर्षांची मथुरा माझ्या कट्ट्यावर सागरगोटे खेळत होती. "लाभ, दोन, तीन," ती गोटे झेलताना म्हणायची. बापाचंच वळण.

मथुरा एकुलती एक. सोनबाची बायको गुणा, ती देवीच्या साथीत गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले, त्याने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. सकाळी पोरीला खांद्यावर बसवून बाजारात आणायचा, माझ्यापाशी सोडायचा आणि राशीवर बसायचा. ती बाजारातच वाढली. कुठल्या गावची बाजरी, कुठल्या गावचा हरभरा, हे ती दाणा दाताखाली धरून सांगायची. माझी बायको मुक्ताबाई तिची वेणी घालायची. आम्हाला मूल नव्हतं, हेही इथेच सांगून टाकतो. मथुरेचा लळा नुसता सोनबाला होता असं नाही.

मापाड्याचा दुसरा रिवाज असा की माप चालू असताना त्याला हाक मारायची नाही. तो हातातली पायली भरेपर्यंत चालू आकडा घोळत राहतो, "सहा, सहा, सहा," आणि पायली पडली की "सात". मध्ये कुणी बोललं आणि आकडा निसटला, तर सगळी रास पुन्हा मोजायची. घेणारा तर तसा हक्कच सांगतो. मथुरा सात-आठ वर्षांची असताना कासाराने तिला हिरव्या बांगड्या भरल्या. पोर हरखली. धावत बापापाशी गेली आणि पायली वर असतानाच ओरडली, "आबा, बघा!"

सोनबाचा आकडा गेला. घेणारा सासवडचा मोठा चिवट माणूस होता. त्याने दिवेलागणीपर्यंत रास पुन्हा मोजून घेतली. मोजायला बसण्याआधी सोनबाने मथुरेच्या थोबाडीत मारली. जन्मात तेवढीच. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "बुवा, ह्यो हात तोडून टाकावासा वाटतोय." मग पोरीला जवळ घेऊन त्याने समजावलं, की माप चालू असलं की मापाडी कुणाचा बाप नसतो, आभाळ कोसळलं तरी माप मोडायचं नाही. तिने मान हलवली. ते तिने अखेरपर्यंत पाळलं. त्यानंतर काही सांगायचं असलं की ती मुकाट त्याच्या पाठीशी येऊन उभी राहायची, कितीही वेळ लागो. माप संपलं की तोच वळायचा.

अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी ती नांदायला हडपसरला गेली. नवरा संभाजी, घरचा धाकटा. जमीन थोडी, भाऊ पुष्कळ, पण माणसं चांगली. हडपसर भवानी पेठेपासून दोन कोस. सोनबाला ते दोन कोस लंकेइतके वाटायचे. ती गेली त्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी माझ्या कट्ट्यावर येऊन बसायचा. मी म्हटलं, "एकटा जीव सदाशिव झालास की." तर म्हणाला, "एकटा न्हाय. मी हाय, घर हाय. दोघं हावोत."

दर अवसेला बाजार बंद असे, तेव्हा तो पहाटे उठून हडपसरला जाई. लेकीला मूल होईतो बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा आपल्याकडचा रिवाज तो तसाच पाळायचा. पाळायला कुठला रिवाज मिळाला की सोनबा खूश असे. तो ओसरीवर बसायचा, व्याह्यांशी पाऊसपाण्याचं बोलायचा आणि तहान लागली की उठायचा. मग मथुरा त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत यायची. ओढा काही सासरचा नव्हे. तिथे तो ओंजळीने पाणी प्यायचा आणि बापलेक काठावर बसून बोलायचे. मला सांगायचा, "बुवा, मी वाटंतच पाणी पिऊन जात न्हाय. तहान राखून ठिवतो." महिनाभर हा माणूस त्या ओढ्यासाठी जगायचा, हे मी बघत होतो.

अशी पाच वर्षं गेली. मूल काही झालं नाही, त्यामुळे ओढा चालू राहिला. सोनबा नवस करायचा की मुलीला मूल होऊ दे, आणि मला वाटतं मनातून थोडा भ्यायचाही. मूल झालं की तिच्या घरचं पाणी चालणार, मग ओढ्यावर जायचं निमित्त राहणार नाही.

शके सतराशे चारच्या सुमाराला संभाजीला एका सरदाराच्या पागेत चाकरी लागली. पागा माळव्यात होती. चाकरी कायमची, तेव्हा बायकोला बरोबर न्यायचं ठरलं. दसऱ्यानंतर फौजेची एक तुकडी निघणार होती, तिच्याबरोबर जायचं. भाद्रपदातल्या अवसेला मथुरेने हे ओढ्यावर सांगितलं. सोनबा परत आला तो थेट माझ्याकडे.

"माळवा किती लांब असंल, बुवा?"

"महिना-दीड महिन्याची वाट."

"मंग अवसेला जाऊन येणं जमायचं न्हाय," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. त्याने खरंच हिशेब करून पाहिला होता.

मग त्याने मनाशी ठरवलं की जायच्या आधी पोरीला दिवाळीला माहेरी आणायची. तुकडी दिवाळीनंतरच हलेल, अशी सगळ्यांचीच समजूत होती. घराला त्याने चुना दिला, अंगण चोपून घेतलं. मुक्ताबाईला येऊन विचारून गेला की करंज्यांना काय काय लागतं. चाळीस वर्षांत मी त्याला इतका बोलका कधी पाहिला नाही. चार दिवस पोर आपल्या घरात, एवढंच त्याला हवं होतं. पाणीसुद्धा आपल्याच घरातलं.

पण फौजेचं गणित मापाड्याला काय कळणार? ज्योतिषांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त काढला आणि तुकडी एकादशीलाच निघाली. हडपसरहून निरोप पाठवायलाही कुणाला सवड झाली नाही.

त्या एकादशीला बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. फौजांना धान्य लागतं, ते वाहून न्यायला लमाण आपले बैल घेऊन येतात. दिगंबरशेटांच्या दुकानापुढे बाजरीची पुरुषभर उंचीची रास होती आणि सोनबा सकाळपासून ती मोजत होता. घेणारा लमाणांचा नाईक समोर बसलेला. मी कट्ट्यावर. दुपार कलायला लागली होती. आणि मला मथुरा दिसली.

डोक्यावर पदर, कडेला गाठोडं, पायांवर धूळ. ती मारुतीपुढे आली, हात जोडले. मी तोंड उघडणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"गुरवकाका, किती राह्यलंय?"

मी राशीकडे पाहिलं. "असेल अजून तासभराचं. तू इथे कशी? दिवाळीला यायचीस ना?"

"आजच निघालोय. बायकांच्या गाड्या येरवड्याला नदीच्या उताराशी थांबल्यात. आज वाघोलीचा मुक्काम. हे म्हणाले, आबांना भेटून ये पटदिशी."

"मग थांब, मी हाक मारतो."

"नको! माप मोडंल." तिने माझा हातच धरला. "मी उभी राहते. व्हईल इतक्यात."

ती गेली आणि सोनबाच्या पाठीमागे चार हातांवर, पोत्यांच्या आडोशाला उभी राहिली. जशी लहानपणी राहायची तशीच.

आता मी जे सांगतो त्याची मला लाज वाटते. मी उठून सोनबाच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. रास पुन्हा मोजावी लागली असती. लागू दे! दिगंबरशेट ओरडले असते, नाईक ओरडला असता, बाजाराने मला वेड्यात काढलं असतं. पण मी बसून राहिलो. म्हटलं, बापलेकीचा रिवाज आहे, संपेलच आता. पण रास संपेना. सोनबाचा हात त्या दिवशी जड झाला होता. "अकरा, अकरा, अकरा" चालायचं ते बारा म्हणून येतच नसे. नाईक दोनदा खेकसला, "अरे, झोपलास का?" मला वाटलं, बिचारा सकाळपासून दमलाय.

मथुरा उभी होती. बापाची पाठ बघत होती. कधी पदराने डोळे पुसत होती, कधी नुसतीच ऐकत होती. दोन-तीनदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी हाताने 'झालंच' अशी खूण केली. मग बाजाराच्या तोंडाशी संभाजी आला. त्याने हाक मारली नाही, हाताने बोलावलं. वर घाटाकडे आभाळ काळं झालं होतं. हस्ताचा पाऊस नदीला कधी पाणी आणील सांगता येत नाही, आणि बायकांच्या गाड्या उतरायच्या होत्या.

तिने एकवार राशीकडे पाहिलं. वाकली, जिथे उभी होती तिथूनच जमिनीला डोकं टेकलं. भुईवर सांडलेले बाजरीचे चार दाणे वेचून पदराला बांधले. मग माझ्याजवळ आली.

"आबांना सांगू नका मी आले होते. सांगितलं तर हळहळत बसतील."

"अगं पण, पोरी…"

"त्यांना वाटू दे, निरोपच मिळाला न्हाय. तेवढंच दुःख बरं."

ती गेली. मला कट्ट्यावर बसवेना. मी उठलो आणि ती उभी होती त्या पोत्यांपाशी जाऊन उभा राहिलो. का ते मलाही ठाऊक नाही. सोनबा वळला की त्याला सांगावं असं वाटत होतं आणि तिचा शब्दही मोडवत नव्हता. मी तिथे बराच वेळ उभा होतो. सोनबा मोजतच होता. शेवटी रास संपली, विसावी पायली पडली, खुणेची मूठ पडली. तो वळला. माझ्याकडे पाहत राहिला. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, याला भोवळ येतेय.

"काय रे?" मी विचारलं.

"काय न्हाय." आणि मग एकदम दिगंबरशेटांकडे वळून म्हणाला, "शेट, माप कमी भरलंय. माझ्या घरची बाजरी देऊन येतो नाईकाला."

शेट म्हणाले, "अरे, घेणारा खूश आहे, तुला काय पडलंय?" पण सोनबा घरी गेला, आपल्या खाण्यातलं पोतं खांद्यावर टाकलं आणि धावत सुटला. लमाणांचे बैल तोवर लादून निघालेही होते. सगळा बाजार हसला. आपल्या खांद्यावर पोतं घेऊन फौजेमागे धावणारा मापाडी पुण्यानेही पाहिला नव्हता. मी मात्र हसलो नाही. मनात म्हटलं, इमान असावं तर असं.

दिवेलागणीला तो परत आला. पोतं खांद्यावरच होतं. नदीला पाणी आलं होतं, उतार बंद झाला होता, नावाड्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी ओसरल्यावर तो पुन्हा गेला, वाघोलीपर्यंत. तुकडी तांबडं फुटायच्या आत हलली होती. मुक्कामाच्या जागी चुलींचे दगड आणि राख होती. पोतं त्याने तिथल्या देवळात दिलं. आठ दिवसांनी हडपसरहून कुणीतरी येऊन सांगितलं की मथुरा माळव्याला गेली. सोनबाने ते मान खाली घालून ऐकलं, आणि मी, सगळं माहीत असलेला मी, शेजारी बसून सुस्कारा टाकला. इतकं खोटं मी जन्मात वागलो नव्हतो.

त्यानंतरची वर्षं म्हणजे वाट पाहणं. उत्तरेकडून लमाण आले की सोनबा त्यांच्या तळावर जायचा. पहिल्या वर्षी खरी बातमी आली, की उज्जैनीजवळ आहे आणि मुलगा झालाय. सोनबाने बाजारभर गूळ वाटला. मला म्हणाला, "आता तिच्या घरचं पाणी चालंल मला." दोन-तीन वर्षं अधूनमधून 'बरी आहे' एवढं यायचं. पुढे तेही आटलं. लमाण मात्र येत राहिले, आणि चिलमीच्या तंबाखूवर माणूस काय वाटेल ते सांगतो. एकाने सांगितलं मथुरा चांगली अंगाने भरलीय, दुसऱ्याने सांगितलं वाळलीय. सोनबाने दोन्ही मानून घेतलं. "बाळंतपणात सुटली असंल, मंग वाळली असंल," म्हणायचा. सगळे एका माळेचे मणी, थापा मारतात, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. पोर जिवंत आहे एवढं तरी त्यांच्या थापांतून त्याला मिळत होतं.

मोजणं चालूच होतं. आवाज घोगरा झाला, मग बसला, आणि मापाड्याचा आवाज बसला की त्याचं माप लोक मानत नाहीत. नजरही अधू झाली. दिगंबरशेटांच्या मुलाने नवा मापाडी ठेवला आणि सोनबा माझ्या कट्ट्यावर आला. आम्ही दोघं म्हातारे दिवसभर तिथे बसायचो. मुक्ताबाई तोवर गेली होती. दुपारी मारुतीच्या नैवेद्याचं धान्य निवडायचं काम मी त्याला दिलं होतं. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना खडे बरोबर लागायचे.

मला त्या वर्षी छातीची व्यथा सुरू झाली. म्हटलं, हे ओझं घेऊन वर जायचं का? चैत्रातली दुपार होती, बाजार ओस पडला होता. तो सुपात बाजरी निवडत होता.

"सोनबा," मी म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय. पंधरा वर्षं झाली."

"सांगा."

"ज्या दिवशी मथुरा गेली ना, त्या दिवशी ती आली होती. तुझ्या पाठीमागे उभी होती. मला म्हणाली सांगू नका. मी तुला हाक मारायला हवी होती रे. मला माफ कर."

त्याची बोटं सुपात फिरतच राहिली.

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"पोर उभी व्हती ते. बांगड्या वाजल्या की. तिचं येऊन उभं ऱ्हाणं मला कळत न्हाय व्हय?"

मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्याच्यावर ओरडलोच. "मग वळला का नाहीस, मेल्या? मी पंधरा वर्षं इथे कुढतोय! एवढा कसला तुझा रिवाज? खड्ड्यात गेलं ते माप!"

"मापासाठी न्हाय, बुवा." त्याने सूप खाली ठेवलं. "ती मागच्या अवसेला म्हणाली व्हती, निघताना येऊन पाया पडून जाईन. मी वळलो असतो तर पाया पडली असती. पाया पडलं की निघायचंच असतंय. माप चालू असताना ती हलत न्हाय, हे मला पक्कं. मीच शिकवलंय. म्हटलं, मोजत ऱ्हावं. मी मोजतोय तवर पोर हितं हाय."

त्या जड हाताचा, त्या न संपणाऱ्या अकराचा अर्थ मला पंधरा वर्षांनी कळत होता.

"आकडा न्हवताच त्यात," तो म्हणाला. "नुसतं तोंडानं म्हणत व्हतो. त्या शेवटच्या राशीत किती पायल्या पडल्या ते देवाला ठाव. म्हणून तर पोतं घेऊन धावलो. लमाणाचं कमी भरलं असंल तर ते पाप कशाला. आन् म्हटलं, वाटंत गाड्या बी असतील." जरा थांबून म्हणाला, "मला तिला थांबवायची न्हवती. माळव्याला जायाचंच व्हतं तिला. जरा वेळ वाढवून घेतला, इतकंच."

"पण ती तर माप संपायच्या कितीतरी आधी गेली, सोनबा."

"व्हय?" त्याने मान वर केली. त्याला ते ठाऊक नव्हतं. "कवा गेली?"

मी म्हटलं, "संभाजी बोलवायला आला. अजून निम्मी रास शिल्लक होती."

"निम्मी?" तो पुटपुटला. बोटांनी उगाच सुपाची कड चाचपत राहिला. "पर माझ्या पाठीशी कुणी तरी उभं व्हतं की, बुवा. अगदी शेवटपर्यंत. मला श्वास ऐकू येत व्हता. म्हणून तर मी हात आखडून मोजत ऱ्हायलो. न्हाय तर तवाच उठलो असतो, उताराला गाठली असती तिला."

तो पुढे म्हणाला, "विसावी पायली टाकली. म्हटलं, आता वळतो, पोरीच्या डोक्यावर हात ठिवतो. वळलो, तर तुमी उभे."